संयोजी ऊतींचे आनुवंशिक आजार आणि महाधमनीची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांच्या हातात पुण्या-मुंबईच्या रुग्णालयातील एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद असतो आणि त्यावरचा एखादा आकडा त्यांना झोपू देत नाही. येथील उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. आपल्या बाबतीतील निर्णय आपल्या हृदयशल्यचिकित्सकांशी बोलूनच घ्यावा.

१. महाधमनी म्हणजे काय, आणि या आजारांत धोका तिलाच का असतो?

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती छातीत वर चढते, कमान घेऊन पाठीच्या कण्यालगत खाली उतरते आणि पोटात दोन्ही पायांकडे जाणाऱ्या फांद्यांत विभागते. तिची भिंत तीन पदरांची असते. हृदयाचा ठोका पडताना ताणले जाणे आणि पुन्हा मूळ जागी येणे हे काम मधल्या पदरातील लवचिक तंतू करतात, आणि संयोजी ऊतींच्या (म्हणजे शरीराचे भाग जोडून ठेवणाऱ्या व त्यांना आधार देणाऱ्या ऊतींच्या) आनुवंशिक आजारांत नेमका हा पदरच जन्मापासून कमकुवत असतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकते व प्रत्येक ठोक्याचा पहिला मार महाधमनीच्या मुळाला, म्हणजे हृदयालगतच्या सुरुवातीच्या भागाला, बसतो. त्यामुळे ते मूळ वर्षानुवर्षे हळूहळू रुंदावत जाते. याला फुगवटा म्हणतात आणि तो दुखत नाही. आतला पदर फाटून रक्त भिंतीच्या पदरांमध्ये शिरू लागले की त्याला डिसेक्शन म्हणतात, आणि ते मात्र जिवावर बेतते.

२. या गटात कोणकोणते आजार येतात?

सर्वांत परिचित आजार मार्फान सिंड्रोम होय. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये एका लहान मुलीचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. फायब्रिलिन हे प्रथिन घडवणाऱ्या एफबीएन-१ या जनुकातील दोषामुळे हा आजार होतो, हे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. साधारणपणे ५,००० माणसांमागे एकाला तो असतो. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३८ लाख ७६ हजार होती, म्हणजे या प्रमाणाने जिल्ह्यात साडेसातशेच्या वर माणसे असावीत. हा केवळ हिशोब आहे, कोणी केलेली मोजणी नव्हे. तरीही ‘आमच्याकडे असले आजार नसतात’ असे म्हणणाऱ्यांनी तो एकदा करून पाहावा.

दुसरा आजार लॉइस-डिट्झ सिंड्रोम. त्याचे वर्णन २००५ मध्ये झाले आणि त्यात महाधमनी तुलनेने कमी रुंदीवर फाटू शकते. तिसरा व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम. त्याची गोष्टच निराळी असल्याने ती प्रश्न १४ मध्ये स्वतंत्रपणे दिली आहे.

३. मुलगा उंच, सडपातळ आहे आणि त्याची बोटे लांब आहेत. त्याला मार्फान आहे असे समजायचे का?

नाही. उंच आणि काटकुळी मुले घरोघरी असतात. मार्फानच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या, २०१० मध्ये सुधारलेल्या घेंट निकषांत सर्वाधिक वजन दोन गोष्टींना दिले आहे: महाधमनीच्या मुळाची रुंदी आणि डोळ्यातील भिंग जागेवरून सरकणे. त्यामुळे हृदयाचा एको आणि नेत्रतज्ज्ञांची स्लिट लॅम्प तपासणी या दोन तपासण्या आधी कराव्यात. छाती आत गेलेली किंवा पुढे आलेली असणे, पाठीचा कणा वाकडा असणे, जाड चष्मा कमी वयात लागणे आणि घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे या बाबी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

४. काहीच त्रास नसताना छाती उघडून ऑपरेशन करायचे कशासाठी?

सर्वाधिक वेळा विचारला जाणारा आणि सर्वाधिक हळहळ लावणारा प्रश्न हाच आहे. ‘चालता-बोलता पोरगा, त्याला कशाला हात लावायचा?’ हे आईचे म्हणणे माणूस म्हणून पटते, पण आकडे वेगळे बोलतात. १९९९ मध्ये अनेक केंद्रांतील ६७५ मार्फान रुग्णांच्या महाधमनी-मूळ शस्त्रक्रियांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरवून, निवांतपणे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १.५ टक्के होते. आठवड्याच्या आत घाईने कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेत ते २.६ टक्के होते, आणि चोवीस तासांच्या आत तातडीने कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेत ते ११.७ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रिया तीच आणि आजारही तोच; फरक वेळेचा. शिवाय ज्यांना शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचताच आले नाही, ते या आकड्यांत मोजलेलेच नाहीत.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फाटण्यापूर्वी मूळ बदलले तर पुढची महाधमनी बहुधा अखंड राहते. आधी फाटले तर तो चिरा अनेकदा कमानीतून पोटापर्यंत जातो. तातडीच्या शस्त्रक्रियेने जीव वाचला तरी उरलेली फाटलेली भिंत पुढे वर्षानुवर्षे फुगत राहते आणि एकाची दोन-तीन ऑपरेशने होतात. त्रास नसताना केलेल्या शस्त्रक्रियेचा खरा फायदा असा दहा-पंधरा वर्षांनी दिसतो.

५. किती सेंटीमीटरला ऑपरेशन करतात?

आनुवंशिक आजार नसलेल्या व्यक्तीत साधारण ५.५ सेंमी, आणि अनुभवी केंद्रात ५.० सेंमी ही मर्यादा धरतात. मार्फानमध्ये ती ५.० सेंमी आहे. घरात कोणाला डिसेक्शन झालेले असेल, रुंदी भराभर वाढत असेल किंवा महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप मोठ्या प्रमाणात गळत असेल, तर ४.५ सेंमीलाही शस्त्रक्रिया सुचवली जाते. टीजीएफबीआर-१ किंवा टीजीएफबीआर-२ जनुकांमुळे झालेल्या लॉइस-डिट्झमध्ये ४.५ सेंमी, आणि धोक्याची अन्य लक्षणे असल्यास ४.० सेंमीलाही विचार होतो.

एकोच्या आकड्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातामुळेही पडतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी ४.३ आणि यंदा दुसऱ्या ठिकाणी ४.६ आले, म्हणजे फुगवटा वाढलाच असे नाही. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने मोजावे. शंका असल्यास सीटी किंवा एमआरआय करून जुन्या आणि नव्या प्रतिमा एकाच डॉक्टरांनी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्यासाठी केवळ अहवालाचा कागद पुरत नाही, सीडीही जपून ठेवावी लागते. लहान मुले आणि बुटक्या व्यक्ती यांच्यासाठी नुसत्या सेंटीमीटरऐवजी शरीराच्या आकारमानाशी ताडलेला झेड-स्कोअर पाहतात.

६. डॉक्टर ‘बेंटॉल’ आणि ‘डेव्हिड’ असे दोन पर्याय सांगतात. कोणता निवडावा?

बेंटॉल आणि डी बोनो या शल्यचिकित्सकांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत महाधमनीचे मूळ आणि झडप दोन्ही काढून त्यांच्या जागी झडप बसवलेली कृत्रिम नळी शिवतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही वाहिन्यांची तोंडे त्या नळीला पुन्हा जोडावी लागतात. झडप बहुधा धातू-कार्बनची, म्हणजे यांत्रिक, असते. ती दीर्घकाळ टिकते, परंतु रक्त पातळ ठेवणारी गोळी (वॉर्फरिन) जन्मभर घ्यावी लागते आणि तिच्यासाठी नियमित रक्ततपासणी करावी लागते.

टोरांटोचे टिरोन डेव्हिड यांच्या नावाच्या पद्धतीचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत फुगलेली भिंत बदलतात, पण रुग्णाची स्वतःची झडप नव्या नळीच्या आत बसवून राखतात. त्यामुळे जन्मभराची गोळी टळते. मात्र झडपेच्या पाकळ्या चांगल्या असाव्या लागतात, शस्त्रक्रिया अधिक नाजूक असते आणि काही रुग्णांत झडप पुढे गळू लागल्यास पुन्हा ऑपरेशन करावे लागते.

तरुण मुलगी, पुढे मूल हवे असलेली स्त्री, किंवा रक्ततपासणीसाठी महिन्याला तालुक्याला येणे ज्याला जमणार नाही असा शेतकरी यांच्यासाठी, पाकळ्या चांगल्या असतील तर, डेव्हिड पद्धतीचा विचार आधी व्हावा असे आमचे मत आहे. पण एक अट आहे: शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया नियमितपणे केलेली असावी. ‘आपण अशा किती केल्या आहेत?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगले डॉक्टर त्याचे सरळ उत्तर देतात.

महाधमनीला बाहेरून जाळीचे आवरण घालण्याचीही एक पद्धत आहे. ती मार्फान असलेल्या एका ब्रिटिश अभियंत्याने स्वतःसाठी विकसित केली आणि २००४ मध्ये ती पहिल्यांदा त्याच्यावरच वापरली गेली. फुगवटा अजून मर्यादित असणाऱ्या मोजक्या रुग्णांनाच ती लागू पडते.

७. ऑपरेशननंतर माणूस किती वर्षे जगतो?

१९७२ मध्ये मार्फान रुग्णांचे मध्यक आयुर्मान ४८ वर्षे होते, तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या पाहणीत ते ७२ वर्षांपर्यंत पोहोचलेले दिसले. या वाढीत नियोजित शस्त्रक्रियेचा आणि वेळेवर होणाऱ्या निदानाचा वाटा मोठा आहे. म्हणून ‘मार्फान म्हणजे तिशीत मरण’ हे जुने समीकरण आज कोणी ऐकवल्यास मनावर घेऊ नये. मात्र हे आयुष्य नियमित तपासणीसह मिळते. पाच वर्षे डॉक्टरांकडे न फिरकणाऱ्याला हे आकडे लागू होत नाहीत.

८. गोळ्यांनीच हे थांबत नाही का?

गोळ्यांनी वाढीचा वेग कमी होतो, पण फुगलेली भिंत पूर्ववत होत नाही. बीटा-ब्लॉकर (हृदयाच्या ठोक्यांचा वेग आणि जोर कमी करणारी औषधे) आणि लोसार्टनच्या गटातील रक्तदाबाची औषधे यांचा उपयोग होतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अटेनोलॉल हा बीटा-ब्लॉकर आणि लोसार्टन यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतरही ही औषधे बहुधा चालू राहतात, त्याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे. बीपी नॉर्मल आहे म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे, आणि या आजारात ती महाग पडते.

९. मूळ बदलले, म्हणजे आजार संपला ना?

दुर्दैवाने नाही. जो भाग बदलला तेवढाच कृत्रिम, कापडी नळीचा झाला. कमान, छातीतील उतरता भाग आणि पोटातील भाग त्याच कमकुवत ऊतींचे राहिले. मूळ सुरक्षित झाल्यावर पुढील काळात धोका सर्वांत जास्त या उतरत्या भागाला असतो. म्हणून दरवर्षी किंवा डॉक्टर सांगतील त्या अंतराने संपूर्ण महाधमनीची प्रतिमा काढावी लागते. केवळ हृदयाचा एको यासाठी अपुरा आहे. लॉइस-डिट्झमध्ये डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्याही पाहतात.

उतरत्या महाधमनीची उघडी शस्त्रक्रिया मूळ बदलण्यापेक्षा जड असते, कारण पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तेथूनच निघतात आणि कंबरेखाली लुळेपणा येण्याचा धोका असतो. शक्य असल्यास ही शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने करतात. पोटातील अवयवांच्या धमन्या जोडताना जुन्या भिंतीचा मोठा तुकडा ठेवला तर तोच पुढे फुगतो. त्यामुळे या रुग्णांत प्रत्येक धमनीसाठी वेगळी फांदी असलेली नळी वापरणे अनेक शल्यचिकित्सक पसंत करतात.

१०. शेजाऱ्यांचे मांडीतून स्टेंट टाकून झाले. आमचे तसे का होत नाही?

शेजाऱ्यांची भिंत वयाने आणि तंबाखूने खराब झालेली असावी. तुमची जन्मतः नाजूक आहे. स्टेंट असलेली नळी आतून सतत बाहेर दाब देत टिकून राहते. भिंतच कमकुवत असेल तर नळीची टोके जिथे टेकतात तिथे ती पुन्हा रुंदावते किंवा नव्याने फाटते. म्हणून या आजारांत उघडी शस्त्रक्रिया पहिली पसंती ठरते. अपवाद दोन आहेत: फुटण्याच्या बेतात असलेल्या महाधमनीत तात्पुरता जीव वाचवण्यासाठी, आणि आधीच्या ऑपरेशनमधील कृत्रिम नळीतच स्टेंटचे टोक टेकवता येत असेल तेव्हा.

११. वॉर्फरिन चालू आहे. तांबडा-पांढरा रस्सा बंद करायचा का?

रस्स्याचा आणि वॉर्फरिनचा थेट संबंध नाही. मीठ मात्र बीपीसाठी आवरावे. वॉर्फरिनचा संबंध के जीवनसत्त्वाशी आहे आणि ते मेथी, पालक, शेपू, अंबाडी अशा पालेभाज्यांत भरपूर असते. पालेभाज्या बंद करू नयेत. आठवड्याला जेवढ्या खाता तेवढ्याच सातत्याने खाव्यात. नवरात्राचे नऊ दिवस फक्त शाबूदाणा आणि दसऱ्यानंतर एकदम भाजी-भाकरी असा बदल झाला की आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीतील आकडा) डळमळतो, म्हणून उपवासापूर्वी डॉक्टरांना सांगून तपासणीची तारीख ठरवावी. महाधमनीच्या जागेवरील यांत्रिक झडपेसाठी आयएनआर सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. आपली मर्यादा कागदावर लिहून घ्यावी. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटक माहीत नसलेले काढे टाळावेत. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना झडपेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण आधी प्रतिजैविक द्यावे लागते. वॉर्फरिन मात्र स्वतःहून थांबवू नये.

१२. पोरगा तालमीत जातो. कुस्ती, फुटबॉल, जिम यांतले काय चालेल?

कुस्तीच्या खासबाग मैदानाच्या गावात, कोल्हापुरात, हे उत्तर देणे अवघड जाते, पण ते स्पष्टच द्यावे लागते: कुस्ती नाही. श्वास रोखून जोर लावला की त्या क्षणी रक्तदाब कमालीचा चढतो, आणि लढतीत हे वारंवार घडते. जड वजन उचलणे, कबड्डी आणि स्पर्धात्मक फुटबॉलही टाळावेत. अमेरिकेची ऑलिंपिक व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानात सामना चालू असताना कोसळली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. महाधमनी फाटल्याचे आणि तिला मार्फान असल्याचे नंतर समजले.

रंकाळा तलावाभोवती चालणे, सपाट रस्त्यावर सायकल, दमछाक न होता पोहणे हे चालते आणि ते करावे. चालताना बोलता आले पाहिजे ही साधी खूण पुरते. शस्त्रक्रिया झाली तरी कुस्तीचे उत्तर बदलत नाही, त्याचे कारण प्रश्न ९ मध्येच आहे. वस्तादांशी पालकांनी स्वतः जाऊन बोलावे. मुलाला एकट्याने ‘मला डॉक्टरांनी नाही सांगितलंय’ असे सांगायला लावू नये.

१३. सुनेला मार्फान आहे. मूल होऊ द्यावे का?

हा निर्णय तिचा आणि तिच्या नवऱ्याचा आहे. इतरांनी माहिती मिळवून देण्यापुरती मदत करावी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर लगेचच्या काळात डिसेक्शनचा धोका वाढतो. मुळाची रुंदी ४.५ सेंमीपेक्षा अधिक असल्यास आधी शस्त्रक्रिया करावी, असे सांगितले जाते. ४.० ते ४.५ च्या दरम्यान कौटुंबिक इतिहास पाहून ठरवतात. लोसार्टनच्या गटातील औषधे गर्भाला घातक असल्याने ती आधीच बदलावी लागतात. यांत्रिक झडप असल्यास वॉर्फरिनचा प्रश्न गुंतागुंतीचा होतो, म्हणून प्रश्न ६ मधील निवड लग्नाआधीच डोळसपणे व्हावी. मार्फानमध्ये मज्जारज्जूभोवतीचे आवरण रुंदावलेले असू शकते, त्यामुळे कमरेत इंजेक्शन देऊन भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना निदान माहीत असले पाहिजे. प्रत्येक अपत्याला आजार मिळण्याची शक्यता ५० टक्के असते, मुलगा असो वा मुलगी.

१४. व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस आहे, पण डॉक्टर ऑपरेशन टाळतात. असे का?

कारण या आजारात ऊती टाका धरत नाहीत. कोलॅजेन-३ हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातील दोषामुळे धमन्या, आतडे आणि गर्भाशय फाटू शकतात, तेही आधी फुगवटा न येता. म्हणून सेंटीमीटरची मर्यादा येथे फारशी उपयोगी पडत नाही. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया आणि धमनीत सुई घालून केल्या जाणाऱ्या तपासण्या शक्य तेवढ्या टाळतात, आणि जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावीच लागली तर अत्यंत हलक्या हाताने करतात. सेलिप्रोलोल या औषधाने धमनी फाटण्याच्या घटना कमी झाल्याचे २०१० मधील एका चाचणीत दिसले. मार्फानचे निष्कर्ष उचलून येथे लावू नयेत.

१५. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न झाले आहे. त्यामुळे हे आले का?

मार्फान त्यामुळे येत नाही. तो एका पालकाकडून येतो, आणि सुमारे चौथाई रुग्णांत तर घरात कोणालाच नसताना नव्याने उद्भवतो. मात्र नात्यात लग्न झालेल्या घरात, मुलगा उंच आहे आणि डोळ्यातील भिंग सरकले आहे अशा वेळी होमोसिस्टिन्युरिया या आजाराची आठवण ठेवावी. तो दोन्ही पालकांकडून आलेल्या दोषामुळे होतो, दिसायला मार्फानसारखाच असतो, पण त्यात भिंग बहुधा खालच्या बाजूला सरकते आणि मुख्य धोका रक्ताच्या गुठळ्यांचा असतो. होमोसिस्टीनच्या रक्ततपासणीने तो ओळखता येतो. कोणत्याही ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी ही तपासणी व्हावी, कारण भूल आणि शस्त्रक्रियेच्या काळात गुठळीचा धोका वाढतो.

१६. जनुक चाचणीत ‘अर्थ अनिश्चित’ असे आले. मग भावंडांना तपासायचे की नाही?

तपासायचे, पण एकोने. जनुकातील अर्थ अनिश्चित असलेल्या बदलावरून आजार आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. त्यावरून भावाला ‘तू सुटलास’ असे सांगता येत नाही. रुग्णाच्या आईवडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचा एको एकदा तरी करावा. रुग्णात निश्चित दोष सापडलेला असेल, तर नातलगात तो नसल्यास मात्र त्याला पुढच्या तपासण्यांतून मोकळे करता येते.

१७. छातीत एकाएकी कळ आली तर काय करावे?

दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीत किंवा छातीत क्षणात सुरू झालेली, फाडल्यासारखी कळ ही या रुग्णांत डिसेक्शनच समजावी. १०८ ला फोन करावा आणि जेथे सीटी अँजिओग्राफी तत्काळ होते असे रुग्णालय गाठावे. ईसीजी नॉर्मल असू शकतो. सर्वांत धोकादायक चूक म्हणजे हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे, म्हणून दारातच ‘याला मार्फान आहे, महाधमनीचा सीटी करा’ हे वाक्य मोठ्याने सांगावे. चढत्या महाधमनीच्या डिसेक्शनमध्ये सुरुवातीच्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्क्यांनी वाढते असे मानतात, आणि पुणे कोल्हापुरापासून सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. रक्तदाब आणि नाडीचा वेग आटोक्यात आणण्याचे उपचार येथेच सुरू करून, पलीकडच्या शल्यचिकित्सकांशी फोनवर बोलणे झाल्यावरच रुग्णवाहिका निघावी.

१८. खर्चाचे काय?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि हृदयशस्त्रक्रिया त्यांत येतात. आपली नेमकी शस्त्रक्रिया, झडप आणि नळी यांसह मंजूर होते का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडून दाखल होण्यापूर्वी लेखी स्वरूपात घ्यावे. कमी पडणाऱ्या रकमेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. नियोजित शस्त्रक्रियेत ही कागदपत्रे जमवायला वेळ मिळतो. तातडीच्या वेळी नातेवाईक दागिने घेऊन धावत असतात.

१९. साध्या तापासाठी किंवा जुलाबासाठी गावातल्या डॉक्टरांकडे गेलो, तर काही सांगायला हवे का?

हो. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविके आपल्याकडे जुलाब, विषमज्वर आणि लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिली जातात. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी इशारा दिला की, महाधमनीचा फुगवटा असलेल्या किंवा मार्फान, एहलर्स-डॅनलॉस यांसारखे आजार असलेल्या रुग्णांत, अन्य पर्याय असल्यास ही औषधे टाळावीत. औषधाच्या दुकानातून स्वतःहून पट्टी आणणाऱ्यांना हे सांगणारे कोणी नसते. म्हणून या तीन औषधांची नावे मराठीत लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटात, शस्त्रक्रियेच्या कार्डासोबत ठेवावी.